बी.एस्सी. करत असताना वनस्पती परिस्थितिकीच्या पुढील अभ्यासाची तयारी कशी करावी?

तुम्ही वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करत आहात, पुढे वनस्पती परिस्थितिकी (वनस्पतींचे परिसराशी आणि इतर सजीवांशी असलेले संबंध अभ्यासणारी शाखा) शिकायची आहे, त्यासाठी आतापासून काय शिकावे आणि प्रवेश कोठे घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. मी हा विषय पदव्युत्तर वर्गांना शिकवतो, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

सर्वप्रथम वनस्पती ओळखायला शिका, कारण जी वनस्पती नेमकी ओळखता येत नाही तिची संख्या मोजून काहीच हाती लागत नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, दोन्ही ठिकाणी हर्बेरियम, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पती नमुन्यांचा संग्रह, आहे. रीतसर परवानगी घेऊन तेथे नमुने पाहता येतात. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ आजही उपयोगी पडतो, मात्र त्यातील अनेक नावे आता बदललेली आहेत. गवतांकडे विशेष लक्ष द्या. ती फुलोऱ्यावर येईपर्यंत ओळखणे फार कठीण असते, आणि म्हणूनच बरेच विद्यार्थी ती टाळतात.

दुसरी गोष्ट संख्याशास्त्राची, आणि माझ्या मते विद्यार्थी सर्वाधिक येथेच अडतात. समजा, गुरे चरल्याने सड्यावरील, म्हणजे खडकाळ पठारावरील, वनस्पतींवर काय परिणाम होतो हे तुम्हाला पाहायचे आहे, आणि त्यासाठी तुम्ही एका चराऊ सड्यावर एक मीटर बाय एक मीटरचे वीस क्वाड्रॅट (वनस्पती मोजण्यासाठी आखलेले चौकोन) टाकले व चराईबंदी असलेल्या दुसऱ्या सड्यावरही वीस टाकले. आकडे वेगळे येतील, परंतु तो फरक चराईमुळेच पडला असे म्हणता येणार नाही, कारण प्रत्यक्षात तुलना फक्त दोन सड्यांची झाली आहे. कासपठारासारख्या जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीची खोली चार पावलांवर बदलते. पाणी साचणाऱ्या उथळ खळग्यांत गेंद आणि सीतेची आसवे या छोट्या वनस्पती दाटीने उगवतात, तर शेजारच्या किंचित उंच, कोरड्या भागात वेगळीच गवते असतात. सीतेची आसवे ही वनस्पती सूक्ष्म पिशव्यांनी बारीक जीव पकडते, म्हणून नत्राची कमतरता असलेल्या अशा जागी ती तग धरते. खोली, ओलावा आणि पोषक द्रव्ये यांची नोंद केली नसेल, तर चराईचा परिणाम यांपासून वेगळा काढता येत नाही. वीस क्वाड्रॅट म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत, हे परिस्थितिकीतज्ज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली सविस्तर मांडले. तो लेख एम.एस्सी.च्या आधीच वाचावा. सोबत संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी वापरली जाणारी ‘आर’ ही संगणकीय भाषा शिकायला घ्या, ती विनामूल्य मिळते.

आपल्याकडे माळराने आणि सडे यांना सर्रास पडीक जमीन समजून तेथे झाडे लावली जातात, आणि उन्हात वाढणाऱ्या कितीतरी वनस्पतींची जागा त्यामुळे जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रकल्पासाठी केवळ दाट जंगलच निवडावे असे मुळीच नाही. माळरानावर अभ्यासकांची खरोखरच गरज आहे.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. पुणे किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून परिस्थितिकीचा प्रकल्प घेता येतो. पुढे संशोधनाकडे जायचे असल्यास गेट या राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेत इकॉलॉजी आणि इव्होल्यूशन (परिस्थितिकी आणि उत्क्रांती) हा स्वतंत्र पेपर आहे, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे. कोणताही विभाग निवडण्यापूर्वी तेथील आजी विद्यार्थ्यांना भेटून विचारा की, प्रकल्पासाठी ते पावसाळ्यात प्रत्यक्ष क्षेत्रावर किती वेळ असतात आणि मार्गदर्शक स्वतः त्यांच्यासोबत येतात का.