अपग्रेडचा परवाना आणि कोरी डिस्क

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१२ सालचा आहे. त्यावरील विंडोज ७ होम बेसिक मी मे २०१६ मध्ये मोफत योजनेतून विंडोज १० वर नेले. हार्ड डिस्क फार मंदावल्यामुळे लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी (अधिक जलद डिस्क) आणली आहे. परवाना अपग्रेडचा असल्याने आधी ७ टाकून मगच १० टाकता येईल, नाहीतर नवा परवाना घ्यावा लागेल, असे दुकानदार सांगतो. ७ ची डीव्हीडी माझ्याजवळ नाही. काय करावे?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : आपल्याला आधी ७ टाकण्याची किंवा नवा परवाना घेण्याची गरज नाही. दुकानदाराचे म्हणणे एके काळी खरे होते. विंडोज एक्सपीची अपग्रेड सीडी कोऱ्या डिस्कवर चालवली, की ती पुराव्यादाखल जुन्या विंडोजची सीडी मागत असे. ७ ची अपग्रेड डीव्हीडी कोऱ्या डिस्कवर बसे, पण पुढे ॲक्टिव्हेशन (परवान्याची पडताळणी) अडत असे. आपण २०१६ मध्ये अपग्रेड केले तेव्हा मात्र आपले ७ अस्सल असल्याची खात्री करून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आपल्या यंत्राची, मुख्यतः मदरबोर्डची (आतल्या मुख्य सर्किट बोर्डची), ओळख नोंदवली गेली. हाच डिजिटल परवाना. डिस्क बदलल्याने तो जात नाही. मदरबोर्ड बदलल्यास जाऊ शकतो.

जुनी डिस्क काढण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल परवान्याचा उल्लेख आहे, याची खात्री करावी. त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूल या प्रोग्रॅमच्या साहाय्याने किमान ८ जीबीच्या, रिकाम्या करता येण्याजोग्या पेनड्राइव्हवर विंडोज १० घ्यावे. इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) विचारली जाईल, तेव्हा ती नसल्याचा पर्याय निवडावा आणि आवृत्ती होमच घ्यावी. प्रो अधिक चांगली वाटल्याने अनेक जण ती निवडतात; परंतु होम बेसिकवरून मिळालेला परवाना होमचाच असल्याने प्रो ॲक्टिव्हेट होत नाही. होम घेतल्यास इंटरनेट जोडताच ॲक्टिव्हेशन आपोआप होते.

फाइलींबरोबर फॉन्टही जपून ठेवावेत. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेली जुनी पत्रे त्या फॉन्टवाचून निरर्थक चिन्हांसारखी दिसतात, आणि कोऱ्या डिस्कवर नव्याने विंडोज टाकल्यावर नेमके तेच फॉन्ट हरवलेले असतात.

लॅपटॉपखालचे ७ चे स्टिकर काढू नये व ती की दुसऱ्या संगणकावर वापरू नये, कारण १० चा हक्क त्याच परवान्यावर उभा आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ च्या अटींत आपला लॅपटॉप बसत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार त्यावर करण्याआधी वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी अवश्य करावी.