ताटातलं नाव आणि फॉर्मवरचं नाव

प्रिय बाळा,

तुझा मेल तीन दिवसांपूर्वी आला, दोनदा वाचला, उत्तराला उशीर झाला कारण गुडघ्याने छळलं. तू विचारलंयस की मावशी, मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा पुरावा मागणाऱ्या टेक्सासच्या बिलाविरुद्ध काम करायचंय, सुरुवात कुठून करू, कायदे वाचू का, आकडे पाठ करू का, आमदारांच्या कमिटीपुढे बोलायची प्रॅक्टिस करू का. ते सगळं होईलच गं, तू हुशार आहेस. आधी एक काम कर, एखाद्या सरकारी काउंटरसमोर कागद कमी पडलेल्या माणसाच्या शेजारी तासभर उभी रहा. आणि उभी राहताना वही जवळ ठेव. वहीचं का म्हणते ते सांगते, कारण तिथेच माझी चूक झालीय.

इथे अमेरिकेत, आमच्या कॅन्ससमध्ये, २०११ ला कायदा झाला आणि १ जानेवारी २०१३ पासून मतदार नोंदणीला नागरिकत्वाचा कागद लागायला लागला. जन्माचा दाखला, पासपोर्ट नाहीतर नॅचरलायझेशनचं, म्हणजे शपथ घेऊन नागरिक झाल्याचं, सर्टिफिकेट. मी २००९ ला सिटिझन झाले नि लगेच नोंदणी केली, जुन्या मतदारांना सूट होती त्यामुळे मला काहीच झळ नाही. त्याआधी आम्ही जत्रेत, लायब्ररीबाहेर नोंदणीचं टेबल टाकून बसायचो, माणूस यायचा, फॉर्म भरायचा, सही करायचा, झालं. २०१३ नंतर तेच टेबल, तीच माणसं, पण जत्रेत कणीस खायला आलेला माणूस खिशात जन्मदाखला घेऊन थोडीच येतो? फॉर्म भरून घ्यायचो नि सांगायचो की बाबा कागद पाठव हं, तो हो म्हणायचा नि जायचा. पुढे ते फॉर्म 'सस्पेन्स' नावाच्या यादीत पडायचे. नावच बघ कसलं, सिरीयलसारखं. २०१५ च्या ऑक्टोबरपासून तर नियमच आला की ९० दिवसांत कागद नाही दिला तर अर्ज रद्द, परत पहिल्यापासून.

त्या काळात आपली एक मराठी बाई माझ्याकडे आली होती. सातारकडची. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं, ते तिला कधीच आवडलं नव्हतं. इथे शपथविधीच्या वेळी नाव बदलून घेता येतं, तर तिने सेहेचाळीसाव्या वर्षी आईने ठेवलेलं नाव परत घेतलं. काय आनंदात होती! पेढे वाटले तिने. पण ड्रायव्हिंग लायसन्सवर ताटातलं नाव आणि सर्टिफिकेटवर आईने ठेवलेलं नाव, काउंटरवरचा माणूस म्हणाला या दोन वेगळ्या बायका दिसतायत. त्यात सर्टिफिकेटची कॉपी पाठवा असं पत्र, आणि सर्टिफिकेटवर छापलेलं की परवानगीशिवाय याची कॉपी काढणं गुन्हा आहे. तिचा नवरा घाबरला, म्हणाला कशाला नसती भानगड, कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला नि विषय बंद केला. मी तिला घेऊन तीनदा गेले. तिसऱ्यांदा काम झालं, पण तोवर नोव्हेंबर २०१४ ची निवडणूक होऊन गेली होती.

पुढे २०१६ ला या कायद्याविरुद्ध केस लढणाऱ्या वकिलांची माणसं अशा लोकांचा शोध घेत होती, माझ्यापर्यंत पण आली. कुठल्या तारखेला गेलात, काउंटरवर नेमकं काय म्हणाले, कुठला कागद परत केला, पत्र आहे का? माझ्याकडे काय होतं? राग होता फक्त. तारीख आठवेना, पत्र त्या बाईने टाकून दिलेलं. माझी सगळी धावपळ केसच्या कामाला शून्य.

आता हे कोर्टात किती महागात पडतं ते बघ. इंडियानाने २००५ ला फोटो आयडीचा कायदा केला, केस सुप्रीम कोर्टात गेली. राज्याला तोतया मतदाराचं एकही उदाहरण दाखवता आलं नाही, तरी २८ एप्रिल २००८ ला कायदा सहा विरुद्ध तीनने टिकला, कारण दुसऱ्या बाजूलाही नेमका कुणाला किती त्रास होतो याचा पुरेसा पुरावा फाईलमध्ये नव्हता. आठच दिवसांनी, ६ मेच्या प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक), साऊथ बेंडच्या कॉन्व्हेंटमधल्या डझनभर म्हाताऱ्या नन्सना परत पाठवलं, आणि परत पाठवणारी पोलिंग वर्कर पण त्यांच्यातलीच एक सिस्टर, रोज सोबत राहणारी! ओळख पटायचा प्रश्नच नव्हता, पण कायद्यात बसणारं कार्ड नव्हतं. हा पुरावा आठ दिवस उशिरा आला असंच मला कायम वाटतं.

कॅन्ससमध्ये उलटं झालं. २०१८ च्या मार्चमध्ये खटला चालला, जज ज्युली रॉबिन्सनपुढे नावानिशी माणसं उभी राहिली, कागद आले, आकडे आले. कायद्यामुळे नोंदणी अडलेले किंवा रद्द झालेले ३१,०८९ अर्जदार. आणि एकोणीस वर्षांत यादीत शिरलेले नॉनसिटिझन किती, तर जास्तीत जास्त ३९, सतरा-अठरा लाख मतदारांत. सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांचे प्रमुख, क्रिस कोबाक स्वतः खटला लढवत होते, म्हणत होते हे हिमनगाचं टोक आहे. जजबाईंनी निकालात लिहिलं की हिमनग वगैरे काही नाही, एक छोटा बर्फाचा सुळका आहे, तोही बराचसा गोंधळ आणि ऑफिसातल्या चुकांमुळे झालेला. वर कोबाकना सहा तासांचं कायद्याचं शिक्षण घ्यायला सांगितलं! (त्या दिवशी मी श्रीखंड केलं होतं, खोटं कशाला सांगू.) २०२० मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं आणि सुप्रीम कोर्टाने केस हातात घ्यायला नकार दिला.

म्हणून वही. तारीख, वेळ, काय मागितलं, काय दिलं, काय उत्तर मिळालं, किती पैसे, किती मैल, किती तास रजा. त्याच दिवशी लिहायचं, दुसऱ्या दिवशी आपण नकळत मीठमसाला लावतो. आणि लोकांच्या कागदांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढून ठेवू नकोस, कितीही प्रेमाने दिले तरी. 

आता बोलण्याबद्दल. तुझ्या मेलमध्ये 'करोडो लोकांचं मत हिरावलं जाईल' असं वाक्य आहे, ते काढ. मतदानाच्या हक्कांवर काम करणाऱ्या ब्रेनन सेंटरच्या २०२४ च्या सर्व्हेत साधारण २ कोटी १३ लाख नागरिकांकडे नागरिकत्वाचा कागद चटकन हाताशी नाही असं आलंय, म्हणजे नऊ टक्के. आकडा मोठा आहेच, पण हाताशी नसणं वेगळं आणि मत जाणं वेगळं. आणि फोटो आयडीच्या कायद्यांबद्दल तर कँतोनी आणि पाँस या दोन अर्थतज्ज्ञांनी २००८ ते २०१८ चा देशभरचा डेटा तपासला, त्यांना एकूण मतदान घटलेलं दिसलं नाही. हे समोरचा वकील तुला ऐकवणारच, त्याच्या आधी तू सांग. आपलं म्हणणं असं आहे की त्या ३१ हजारांतल्या प्रत्येकाचा हक्क होता, नि त्या अडवणुकीतून राज्याला मिळालं काय. एवढंच बोललीस तरी पुष्कळ आहे.

दोन गोष्टी एकत्र करू नकोस हां, सगळे करतात. बूथवर फोटो आयडी दाखवणं वेगळं, नोंदणीला नागरिकत्वाचा पुरावा देणं वेगळं. दुसरं खूप जास्त अवघड आहे. रिअल आयडी (केंद्राच्या नियमांप्रमाणे दिलेलं लायसन्स) आहे ना आमच्याकडे असं लोक म्हणतात, पण रिअल आयडी ग्रीन कार्डवाल्यालाही मिळतं, त्यावरून नागरिकत्व कळत नाही. नागरिकत्व दाखवणारं खास 'एनहान्स्ड' लायसन्स फक्त पाच राज्यं देतात, त्यात तुमचं टेक्सास नाही. मग उरतो पासपोर्ट, पहिल्यांदा काढायला १६५ डॉलर. सर्टिफिकेट हरवलं तर नवीन काढायला ५०० च्या वर.

आणि विरोधात बोलणाऱ्यांना मूर्ख समजू नकोस. गॅलपच्या २०२४ च्या पोलमध्ये ८४ टक्के लोक फोटो आयडीच्या बाजूने होते, ८३ टक्के नागरिकत्वाच्या पुराव्याच्या. त्यात आपलेच काका-काकू भरपूर आहेत. गणपतीच्या प्रसादाच्या लाइनीत मला दरवर्षी एकजण तरी विचारतो, अहो वहिनी, भारतात वोटर आयडी चालतं मग अमेरिकेतच का रडारड? मी आधी चिडायचे, आता शांतपणे सांगते. भारतात कार्ड निवडणूक आयोग स्वतः देतो, फुकट, यादी करायला माणूस दारात येतो, आणि कार्ड नसलं तर दुसरे डझनभर कागद चालतात. इथे राष्ट्रीय ओळखपत्रच नाही, सरकार दारात येत नाही, कागद तुम्ही शोधा, पैसे तुम्ही भरा, रजा तुम्ही काढा. आणि तिकडे पण ओझं मतदारावर टाकलं की काय होतं ते २०२५ ला बिहारमध्ये दिसलं, पहिल्या मसुदा यादीतून ६५ लाख नावं बाहेर, आणि आधार कार्ड धरायचं का नाही यावर सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. एवढं बोलले की काका साधारण मोदकाकडे वळतात. पण एकदा एकजण थांबला, म्हणाला माझ्या आईचा जन्मदाखलाच नाही, ॲफिडेव्हिटवर आलीये ती इथे. तोच आता शनिवारी माझ्याबरोबर टेबलवर बसतो.

तुमच्या टेक्सासचं बिल २०२५ ला सिनेटमधून पास होऊन हाऊसमध्ये अडकलं, ते पुढच्या सेशनला परत येईल असं तुला वाटतं, मलाही वाटतं. तयारीला तुमचंच २०१९ चं प्रकरण नीट वाच. राज्याने ९५ हजार मतदार नागरिक नसल्याच्या संशयावरून जाहीर केले, टीव्हीवर गाजावाजा झाला, आणि काही दिवसांत कळलं की त्यातले जवळपास २५ हजार तर सरळ नागरिक आहेत. झालं असं की माणूस ग्रीन कार्डवर असताना लायसन्स काढतो, नंतर सिटिझन होतो, पण लायसन्सच्या रेकॉर्डमध्ये जुनंच राहतं. म्हणजे हे जाळं टाकलं की पहिले आपणच सापडतो, एचवन व्हिसावरून ग्रीन कार्ड, तिथून शपथ, हा सगळा आपला रस्ता. शेवटी राज्याने यादी मागे घेतली, साडेचार लाख डॉलर खर्च भरला, सेक्रेटरी ऑफ स्टेटचं पद पण गेलं. कमिटीपुढे तुला दोन-तीन मिनिटं मिळतील, त्यात हे सांग, आणि शेजारी त्या २५ हजारांपैकी एखादी खरी व्यक्ती बसव. मिळेल, ह्यूस्टनमध्ये शोध.

एक अगदी कडक सूचना. तू अजून ग्रीन कार्डवर आहेस. लायसन्स रिन्यू करताना 'मतदार नोंदणी करायची का' असं विचारतील, तिथे चुकूनही हो करू नकोस, सही तर नाहीच. नॉनसिटिझनने फेडरल निवडणुकीत मत देणं १९९६ पासून गुन्हा आहे, देशाबाहेर काढतात, आणि 'काउंटरवरच्याने सांगितलं म्हणून केलं' हे फारसं कुणी ऐकून घेत नाही. आपण मदत करू शकतो, बोलू शकतो, पण आपल्या नावाचा फॉर्म शपथेनंतरच. आणि ही भीती तुला आतून माहितीये ना, तीच समोर सांग. एका मतासाठी घर, नोकरी, मुलं सगळं पणाला कोण लावेल? तो ३९ चा आकडा इतका छोटा का, ते मला तरी यातूनच कळलं.

पक्षाचं नाव घेऊ नकोस, टी-शर्ट नाही, बटण नाही, तुझ्या संस्थेच्या अंगाशी येईल. पाणी पीत जा, लाइनीत ऊन असतं.

माझ्याकडे जुन्या टेबलाच्या दिवसांतली कोरी लॉग-शीट आहेत, वकिलांनी मला नंतर शिकवलं तशी बनवलेली, उद्या स्कॅन करून पाठवते. आणि आज रात्री तुझ्या आईला तिचं सर्टिफिकेट आणि लायसन्स दोन्ही टेबलावर ठेवायला सांग. तिचं पण ताटात नाव बदललं होतं, मी होते त्या लग्नात. दोन्हीवर काय लिहिलंय ते मला कळव.

तुझी,
मावशी