बंद खोलीत कोणती मेणबत्ती लावावी?

आपल्या आईंना दम्याचा त्रास आहे, संध्याकाळी खोलीत सुवासिक मेणबत्ती लावण्याची त्यांना हौस आहे, आणि पॅराफिन (साध्या मेणबत्तीचे, खनिज तेलापासून काढलेले मेण) ‘विषारी’ म्हणून त्याऐवजी सोया मेणाची किंवा मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती आणावी का, असे आपण विचारले आहे. बरीच वर्षे घरी मेणबत्त्या बनवत आल्यामुळे मी सांगेन की मेणाचा विचार शेवटी करावा. आधी वात, मग सुगंध आणि मग खोलीतला पंखा पाहावा.

मेणबत्तीची ज्योत पिवळी दिसते ती तिच्यात तापून उजळलेल्या काजळीच्या कणांमुळे. हे कण ज्योतीच्या कडेला पोचेपर्यंत पुरते जळले तर खोलीत फारसे काही पसरत नाही. मध्येच थंड झाले तर मात्र ते हवेत जातात आणि तिथून श्वासात. हे पॅराफिनला जितके लागू आहे तितकेच सोयाला, मधमाश्यांच्या मेणाला आणि देवघरातल्या निरांजनालाही लागू आहे. डोळ्यांत घालायचे काजळ पूर्वी तेलातुपाच्या दिव्यावरच धरत असत, तेव्हा नैसर्गिक इंधनाची काजळी होत नाही हे आपल्याकडे तरी कुणी म्हणू नये.

खात्री करायची असेल तर पांढरी बशी ज्योतीपासून वीतभर उंच, मिनिटभर धरून पाहा. पंखा बंद असताना ती जवळजवळ कोरी राहते. त्याच मेणबत्तीवर पंखा सुरू करून ज्योत नाचू लागली की बशीवर करडा डाग उमटू लागतो. काचेच्या बरणीचा काठ काळा पडत असेल तर त्याचेही कारण बहुधा हेच, किंवा वात लांब झालेली असते. लावण्यापूर्वी दर वेळी वात सुमारे ६ मिलिमीटर ठेवून कापावी आणि टोकावर छत्रीसारखा जमलेला काळा गोळा काढून टाकावा. समईची काजळी झाडतो तेच हे काम आहे.

वात निव्वळ सुती असावी. वात ताठ राहावी म्हणून पूर्वी काही मेणबत्त्यांच्या वातीत शिशाची तार घालत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००३ साली अशा वातींवर बंदी घातली. आज वातीत तार असलीच तर ती बहुधा जस्ताची किंवा कथलाची असते, पण बिननावाच्या स्वस्त मेणबत्तीची न पेटवलेली वात पांढऱ्या कागदावर घासून पाहावी आणि पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती मेणबत्ती घेऊ नये.

आपल्या प्रश्नातला खरा अडचणीचा भाग सुगंधाचा आहे. लिंबू-संत्र्याच्या वासातले लिमोनीन हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड हा नाका-घशाला झोंबणारा वायू आणि अतिसूक्ष्म कण तयार करते, आणि ते लिमोनीन कारखान्यातले आहे की फळाच्या सालीतले, याने काही फरक पडत नाही. त्यामुळे ‘शुद्ध अर्काची’ असे छापलेली मेणबत्तीही दम्याच्या माणसाजवळ मी लावणार नाही. आईंना बिनवासाचीच द्यावी, आणि तिनेही खोकला येऊ लागला तर बॅटरीचा दिवा आणावा. जाता जाता एक विचारतो: त्याच खोलीत रात्री डासांची कॉइल लावता का? २००३ सालच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचे आढळले होते. तसे असेल तर मेणबत्तीआधी कॉइल बंद करावी.

आता मेण. सोया मेण घ्यायचे असेल तर पाकिटावर ‘ब्लेंड’ (म्हणजे मिश्रण) लिहिले आहे का ते पाहावे, कारण त्यात पॅराफिनचा वाटा मोठा असू शकतो. मधमाश्यांचे मेण छान जळते, पण महाग असते आणि त्यात भेसळही होते. ते हवा शुद्ध करते, या जाहिरातीवर मात्र विश्वास ठेवू नये. बेताच्या वातीची, शुद्ध पॅराफिनची साधी मेणबत्ती जाड वातीच्या सोया मेणबत्तीपेक्षा केव्हाही बरी.

मेणबत्ती मालवताना फुंकर मारू नये, कारण तेव्हा निघणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या मेणाची वाफ असते आणि सबंध संध्याकाळीत नाकाला सर्वांत जास्त झोंबते ती हीच. वाकवलेल्या तारेने वात वितळलेल्या मेणात बुडवून लगेच सरळ उभी करावी; धूर होत नाही आणि दुसऱ्या दिवशी वात चटकन पेटते.