जुन्या पेट्रोल गाडीची ओढ वाढवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत डेन्व्हरला असतो. त्याच्याकडे १९९६ची फोर्ड एफ-२५० आहे, साडेसात लिटरच्या पेट्रोल व्ही-८ इंजिनाची. मागे तीन टनांचा ट्रेलर जोडला की डोंगर चढताना गाडी दमते. टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणारे यंत्र) बसवावा का? (धरमपेठ)

उत्तर : डेन्व्हर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि तेथून पश्चिमेकडे जाणारा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ३,४०० मीटरांपर्यंत चढतो. तेथील हवा इतकी विरळ असते की टर्बो नसलेल्या कोणत्याही इंजिनाची पाव भागाहून अधिक ताकद वाटेतच जाते. त्यामुळे इंजिन बिघडले आहे असे लगेच समजू नये. टर्बो ही उणीव भरून काढतो हे खरे, परंतु इतके चाललेल्या इंजिनाचे पिस्टन आणि हेड गॅस्केट (सिलिंडरांवरच्या झाकणाखालचे पॅकिंग) तो वाढीव दाब किती काळ सोसतील, याची मला काळजी वाटते.

त्याआधी मुलाला डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाचा जोर चाकांना वाटणाऱ्या दातचक्रांच्या पेटीचे, गुणोत्तर पाहायला सांगा. ते ३.५५ असेल, तर ४.१० चे क्राऊन-पिनियन (त्या पेटीतील दातचक्रांची जोडी) बसवल्याने इंजिनाला हातही न लावता चाकांवरील ओढ सुमारे साडेपंधरा टक्क्यांनी वाढते. त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तितकेच वाढतात आणि पेट्रोल अधिक लागते, ही त्याची किंमत आहे. गाडी चारही चाकांवर चालणारी असेल, तर पुढचे क्राऊन-पिनियनही त्याच गुणोत्तराचे हवे. आणि कोणी हौसेने मूळच्या ३२ इंची टायरांऐवजी ३५ इंची टायर चढवले असतील, तर जवळजवळ नऊ टक्के ओढ तेथेच गेली आहे. मूळ मापाचे टायर हा सर्वांत स्वस्त इलाज ठरेल.

प्रश्न : माझ्याकडे लष्कराच्या लिलावातील जोंगा (जुनी लष्करी जीप) आहे. मे महिन्यात छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानी घाटात ती तापते, अडखळते आणि कधी बंदही पडते. मोठा कार्बोरेटर (हवा व पेट्रोल मिसळणारा भाग) लावू का? (कामठी)

उत्तर : मोठा कार्बोरेटर लावू नका. जबलपूरला तयार झालेल्या या गाडीचे सुमारे चार लिटरचे, सहा सिलिंडरचे इंजिन मुळात ओढाळ आहे. आधी त्याची स्वतःची ताकद परत मिळवा. सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने आत निर्माण होणारा दाब, मोजा. एखाद्याचे कमी भरले, तर त्यात थोडे इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा : आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह बसत नाहीत. त्यानंतर पॉइंटचे (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचे) अंतर व टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पाहा, आणि चढावर खडखड असा नॉकिंगचा आवाज येत असेल तर टायमिंग थोडे मागे घ्या.

आपल्या ४५ अंशांच्या उन्हात हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते, त्यामुळे काही घट राहणारच. मात्र गरम गाडी बंद पडून थंड झाल्यावर काही दुरुस्ती न करता सुरू होत असेल, तर नळीतच पेट्रोलची वाफ होत असावी, असा माझा अंदाज आहे. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून दूर घ्या आणि रेडिएटर उतरवून आतून साफ करवून घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते आणि हवा-पेट्रोलचे मिश्रणही पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. म्हणून नळ्या व डायफ्राम (पंपातील रबरी पडदा) नवे बसवा आणि जेट (कार्बोरेटरमधील पेट्रोलची मात्रा ठरवणारी छिद्रे) जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्या.

प्रश्न : जुने पेट्रोल इंजिन दुरुस्त करत बसण्यापेक्षा डिझेल इंजिनच बसवले तर? (वाडी)

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल आरटीओच्या मंजुरीविना करता येत नाही. मंजुरी मिळाली तरी क्लच, गिअरबॉक्स आणि माउंटिंग यांचा मेळ बसवण्याचा खर्च इंजिनाच्या किमतीत धरूनच निर्णय घ्या.

प्रश्न : ओढ वाढल्यावर संत्र्यांच्या ट्रॉलीत अधिक माल भरता येईल ना? (काटोल)

उत्तर : नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. चेसिस, हुक आणि ब्रेक पूर्वीचेच असतात. वजनाची मर्यादा त्यांच्यावरून ठरते. एकाच वेगाला वजन दुप्पट झाले की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जाही दुप्पट होते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक असू द्या, तिच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर येईल अशा रीतीने पेट्या रचा आणि उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाका.