वाचकांचे प्रश्न : वसईच्या तिसऱ्या, नेपल्सचा नाताळ

आमची सून नेपल्सची. लग्नानंतर वसईत तिचा हा पहिलाच नाताळ. 24 तारखेच्या रात्री इटालियन घरांत सात प्रकारचे मासे करतात, असं वाचलं. सात करायलाच हवेत का? इथल्या बाजारातल्या जिनसांत काय जमेल?
– एक सासूबाई, वसई

सातचा आकडा सोडून द्या. सात माशांची मेजवानी ही अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांची रीत. नेपल्समध्ये आकडा ठरलेला नसतो. तिथे 24 च्या रात्रीला ‘विजीलिया’ म्हणतात आणि त्या रात्री मटण-चिकन-डुक्कर काही शिजत नाही, मासळीच असते. चर्चचं आता तसं बंधन नाही, पण घरोघरी पाळतात. तुमचं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल 25 च्या दुपारी ठेवा, म्हणजे दोन्ही घरांची रीत सांभाळली जाईल.

रात्रीचा मान व्होंगोले घातलेल्या स्पगेटीला द्या. व्होंगोले आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातले, त्यामुळे यासाठी बाहेरून काही मागवायला नको. चौघांना तिसऱ्या 1 किलो, स्पगेटी 350 ग्रॅम, ऑलिव्ह तेल 5-6 टेबलस्पून, लसणाच्या 3 पाकळ्या, एक सुकी मिरची आणि मूठभर पार्सली पुरते. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालू नका. तिचा वास तिसऱ्यांवर कुरघोडी करतो.

कालवणासाठी आपण तिसऱ्या विळीवर कापतो, तशा इथे कापायच्या नाहीत. अख्ख्याच ठेवायच्या. 1 लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात 2-3 तास, काळोख्या जागी. भांड्याच्या तळाशी चाळणी उपडी घाला, म्हणजे टाकलेली वाळू त्या पुन्हा ओढून घेत नाहीत. साध्या गोड्या पाण्यात ठेवल्या तर मरतात आणि वाळू पोटातच राहते. फुटकी शिंपली किंवा टिचकी मारूनही न मिटणारी टाकून द्या.

रुंद कढईत निम्म्या तेलात लसूण आणि मिरची परता. लसूण सोनेरी होऊ लागताच तिसऱ्या टाकून झाकण घाला, आच मोठी. तीन-चार मिनिटांत शिंपल्या उघडू लागतात. जी उघडेल ती लगेच बाहेर काढा. सगळ्या उघडायची वाट पाहिली तर पहिल्या रबरासारख्या होतात. शेवटपर्यंत न उघडलेल्या फेकायच्या. कढईतलं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या, उरलीसुरली वाळू त्यातच असते.

स्पगेटीच्या पाण्यात लिटरला 5 ग्रॅमच मीठ घाला, नेहमीच्या निम्मं. तिसऱ्यांचं पाणी मुळात खारट असतं आणि हा पदार्थ बहुतेक वेळा मिठानेच बिघडतो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी स्पगेटी काढा आणि गाळलेल्या पाण्यात, उरलेल्या तेलासह, मोठ्या आचेवर हलवत राहा. लागेल तसं तिचं स्वतःचं उकळीचं पाणी घाला. सुरुवातीला तेल वर तरंगताना दिसेल. मग पाणी दुधाळ होऊन काडीकाडीला चिकटू लागेल. तेव्हाच तिसऱ्या आणि पार्सली घालून गॅस बंद. चीज अजिबात नको.

जोडीला नेपल्सचीच ‘इन्सालाता दी रिन्फोर्झो’ ही कोशिंबीर: कच्चट उकडलेला फ्लॉवर, हिरवी-काळी ऑलिव्ह, केपर, खारवलेली अँचोव्ही ही छोटी मासळी, लोणच्याची भोपळी मिरची, वर व्हिनेगर आणि तेल. सकाळीच करून ठेवा, मुरली की छान लागते. त्यापुढे एक तळलेला मासा पुरे. हलवा किंवा मांदेली तुमच्या पद्धतीनेच तळा. सुनेला तेही आवडेल.

मागच्या वर्षी स्ट्रुफोली, म्हणजे मधात घोळवलेल्या तळलेल्या गोळ्या, केल्या. गोळ्या खडखडीत झाल्या आणि मधाची चिक्की झाली. काय चुकलं?
– एक वाचक, पुणे

दोन वेगळ्या चुका आहेत. आधी प्रमाण बघू: मैदा 400 ग्रॅम, साखर 40 ग्रॅम, मऊ लोणी 60 ग्रॅम, 3 अंडी आणि एक जास्तीचा पिवळा बलक, एका संत्र्याची किसलेली साल, चिमूटभर मीठ. नेपल्समध्ये एक टेबलस्पून बडीशेपेचं मद्य घालतात. नको असेल तर तेवढा संत्र्याचा रस आणि अर्धा चमचा बडीशेपेची पूड चालते.

पीठ घट्ट वाटलं की आपला हात चपातीसारखा तिंबत राहतो. खडखडीतपणाचं पहिलं कारण हेच. एकजीव झालं की थांबा, झाकून अर्धा तास ठेवा, आपोआप सैल पडतं. दुसरं कारण मंद तेल. बोटाएवढ्या जाड वळकट्या करून हरभऱ्याएवढे तुकडे कापा. तळताना ते फुगतात, म्हणून मोठे कापायचा मोह टाळा. चाळणीत हलवून सुका मैदा झाडून टाका, नाहीतर तेल फेसाळतं. तेल 170 अंशांवर ठेवून एका वेळी मूठभरच तळा. हलका सोनेरी रंग आला की काढा, कारण बाहेर काढल्यावरही रंग चढतो.

आता मध. तो उकळायचा नसतो, पातळ होईपर्यंत कोमट करायचा असतो. उकळला की त्यातलं पाणी उडतं आणि गार झाल्यावर पाकासारखा कडक होतो. एवढ्या पिठाला 250 ग्रॅम मध मंद आचेवर दोन-तीन मिनिटं गरम करा, गॅस बंद करून मगच गोळ्या घाला. पाच-सात मिनिटं थांबा, मध थोडा दाट झाला की ताटाच्या मध्यभागी तेल लावलेला पेला ठेवून भोवती गोळ्या रचा, ओल्या हाताने दाबा. वर रंगीत साखरदाणे आणि टुटीफ्रुटी. गार झाल्यावर पेला काढला की कडं उभं राहतं. कुलकुलं करणाऱ्या घरात हे सगळं एका दुपारी सहज जमेल.

पानेत्तोने, म्हणजे इटलीचा नाताळचा गोड पाव, घरी भाजला. सुंदर फुगला, पण गार होताना बसला.
– एक वाचक, ठाणे

भाजल्यावर उलटा टांगला नसणार. यात लोणी आणि बलक इतके असतात की गरम असताना आतली जाळी स्वतःचं वजन पेलू शकत नाही. भट्टीतून काढताच कागदी साच्याच्या तळाजवळ दोन लांब सळया आरपार खुपसून उलटा करा आणि त्या दोन उंच डब्यांवर टेकवून किमान सहा तास, शक्यतो रात्रभर ठेवा. मधोमध तापमान 94 अंशांच्या आसपास आलं नसेल तर टांगूनही बसेल.

आमचं स्पष्ट मत असं, की मुरवलेलं आंबवण नसेल तर पहिल्या वर्षी विकतचाच आणा. इटलीच्या 2005 च्या नियमानुसार पानेत्तोने नावाने विकायला त्यात किमान 16 टक्के लोणी आणि 20 टक्के मनुका व पाकवलेली संत्रा-सिट्रनची साल लागते. डब्यावर वनस्पती तूप दिसलं तर तो पानेत्तोने नव्हे. कापण्याआधी तासभर उबदार जागी ठेवा. एक तुकडा मात्र राखून ठेवा. मिलानमध्ये तो 3 फेब्रुवारीला, संत ब्लासियसच्या सणाला, घसा वर्षभर ठीक राहावा म्हणून खातात.

जेवणानंतर सगळ्यांना एकत्र बसवेल असा इटालियन खेळ आहे का?
– एक वाचक, मडगाव

तोंबोला. आपल्याकडच्या हाऊजीला ‘तंबोला’ म्हणतात ते याच नावावरून. तिकीट तेच: 1 ते 90 मधले आकडे, तीन ओळी, दर ओळीत पाच. बक्षिसं तेवढी वेगळी. एकाच ओळीत दोन आले की आम्बो, तीनला तेर्नो, चारला क्वातेर्ना, पाचला चिंक्वीना, पूर्ण तिकिटाला तोंबोला. आकडे खोडायचे नाहीत, वर कडधान्याचे दाणे ठेवायचे. नेपल्समध्ये प्रत्येक आकड्याला अर्थ आहे: 13 संत अंतोनी, 25 नाताळ, 33 ख्रिस्ताचं वय, 90 भीती. आकडा पुकारणाऱ्याने अर्थही पुकारायचा, खरी मजा त्यातच आहे.

इटलीतल्या 31 डिसेंबरच्या मसुरांबद्दल सांगाल का?
– एक वाचक, कराड

तुमचा अख्खा मसूरच तो. मसुराचे दाणे म्हणजे नाणी, म्हणून नव्या वर्षाच्या बरकतीसाठी मध्यरात्री खातात, सोबत कोतेकीनो हा डुकराच्या मांसाचा जाड सॉसेज. मसाला नको: कांदा, गाजर, सेलरी तेलात परतून मसूर आणि तमालपत्र, मंद आचेवर 30-40 मिनिटं. कुकर लावलात तर दाणा फुटेल आणि इथे दाणा अख्खा दिसायला हवा.

गोठा आम्ही 24 ला मांडतो. इटलीत कधी मांडतात? मुलांना भेट कोण देतं?
– एक वाचक, नवी मुंबई

बहुतेक घरांत 8 डिसेंबरला, मरियेच्या निष्कलंक गर्भधारणेच्या सणाला. गोठ्याची परंपरा असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये ग्रेच्चो इथे मांडलेल्या देखाव्याशी जोडली जाते. मांडला तरी गव्हाण रिकामी ठेवायची. 24 च्या मध्यरात्री घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हातून बाळ येशू ठेवायचा. तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवायचे, 6 जानेवारीला गोठ्यापाशी पोचतील असे. 5 च्या रात्री केरसुणीवरून बेफाना आजी येते आणि मोज्यांत खाऊ ठेवते, खोडकरांना साखरेचा काळा कोळसा. म्हणून सगळ्या भेटी 25 लाच देऊन टाकू नका, मोज्यापुरतं काही राखा. गोठा आवरायचा तो त्यानंतरच.