टरफलं धरून हिशोब
अगं, 50 ताटांना माणशी 80 ग्रॅम म्हणजे 4 किलो मटारदाणे, इथपर्यंत बरोबर. पण टरफलं 60 टक्के जातात म्हणून तू 4 किलोवर 60 टक्के चढवलेस, तिथे गडबड झाली. 6 किलो 400 ग्रॅम शेंगा सोलल्यास तर दाणे जेमतेम अडीच किलो निघतील. शेंगांच्या वजनातले 40 टक्केच दाणे हाती लागतात, म्हणून भागाकार कर: 4 भागिले 0.4, म्हणजे 10 किलो शेंगा. भावाचंही तेच, 40 रुपये किलोच्या शेंगांचे दाणे 100 रुपये किलो पडतात. आणि हा 40 टक्के आकडा डोळे झाकून धरू नकोस. चपट्या, कोवळ्या शेंगा आल्या की तो घसरतो. मंडईतून आल्या आल्या एक किलो सोल आणि दाणे काट्यावर ठेव. मेथीला तर हवंच हे, मेली जुडीत निम्मी माती नि देठं!