कौन्सिलचा बजेट सर्व्हे भरू का?

प्रश्न: ताई, आम्ही दोन वर्षांपासून इंग्लंडमधे आहोत, नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट, भाड्याचा टू बेड फ्लॅट आहे. कौन्सिलचा (म्हणजे इथल्या महापालिकेचा) मेल आलाय की पुढच्या वर्षीच्या बजेटवर मत द्या, लायब्ररी, रस्त्यातले खड्डे, कचरा, वृद्धांची देखभाल यांना नंबर द्या आणि कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर) ४.९९ टक्के वाढवला तर चालेल का ते सांगा. नवरा म्हणतो आपण सिटिझन नाही, त्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं. पण मी मुलाला घेऊन दर शनिवारी लायब्ररीत जाते, म्हणून मला भरावंसं वाटतंय. भरू का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर: भरा, नक्की भरा. कौन्सिल टॅक्स पासपोर्ट बघून लागत नाही, घरात राहणाऱ्याला लागतो, म्हणजे तुम्हाला. आणि अहो, भारत कॉमनवेल्थमधे असल्यामुळे व्हिसावर राहणाऱ्या भारतीयांना इथे कौन्सिलच्या निवडणुकीत मतदानसुद्धा करता येतं, फक्त इलेक्टोरल रजिस्टरमधे (मतदार यादीत) नाव घालायला लागतं! आपल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं, मला फार वाईट वाटतं त्याचं.

४.९९ का, तर सोशल केअर (वृद्ध, अपंग, मुलं यांची देखभाल) बघणाऱ्या कौन्सिलला ५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढवायचं असेल तर लोकांचं सार्वमत घ्यावं लागतं, म्हणून त्याच्या जरा खाली थांबतात. त्यातले २ टक्के फक्त प्रौढांच्या सोशल केअरसाठी असतात. तुमचं बिल समजा १८०० पौंड असेल तर वर्षाला साधारण ९० पौंड वाढतील.

आता ठरलेलं असतं का. सर्व्हे म्हणजे मतदान नाही, सगळ्यांनी नको म्हटलं तरी टॅक्स वाढू शकतो. पण नुसतं दाखवायला मत मागवलं असंही कायद्यात चालत नाही. लंडनच्या हॅरिंगे कौन्सिलने २०१२ मधे कमी उत्पन्नवाल्यांची कौन्सिल टॅक्समधली सवलत कमी करायची म्हणून लोकांचं मत घेतलं, पण दुसरे मार्ग आहेत, म्हणजे सगळ्यांचा टॅक्स वाढवणं, शिल्लक पैसा वापरणं, दुसरीकडे खर्च कमी करणं, हे सांगितलंच नाही. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१४ मधे कोर्टाने ते मत घेणं बेकायदेशीर ठरवलं. निर्णय व्हायच्या आधी विचारायचं, नीट माहिती द्यायची, पुरेसा वेळ द्यायचा आणि आलेली उत्तरं मनापासून विचारात घ्यायची, हे कौन्सिलवर बंधनकारक आहे.

आणि तुमच्या लायब्ररीचं तर मुद्दाम लिहा. वृद्धांची आणि मुलांची देखभाल कायद्याने करावीच लागते, बराचसा पैसा तिकडेच जातो, तिला शेवटचा नंबर दिला म्हणून ती बंद होणार नाही. लायब्ररीसुद्धा १९६४ च्या कायद्याने द्यावी लागते पण किती शाखा, किती तास, हे कौन्सिल ठरवतं, म्हणून कात्री तिथेच लागते. तेव्हा नुसते नंबर टाकून सोडू नका, खाली जो मोकळा बॉक्स असतो ना त्यात लिहा की शनिवारी सकाळी किती मुलं असतात, तुम्ही चालत जाता की बसने, ती शाखा बंद झाली तर पुढची किती लांब आहे. वाढ चालेल पण शनिवारचे तास ठेवा, असंही लिहिता येतं, हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असं काही नाही.

तारीख बघून ठेवा, बजेट ११ मार्चच्या आत ठरवावं लागतं, बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारीतच मीटिंग होते, त्यामुळे सर्व्हे लवकर बंद होतो. तेच चार ओळींचं लिखाण तुमच्या वॉर्डच्या कौन्सिलरलाही मेल करा, कारण त्या मीटिंगमधे हात वर करणार तेच.